धाव गेली, टायर आले, जू तिथेच

मोटारीची मूळ रिम काढून रुंद टायरचे अलॉय बसवताना सातारा-सांगलीतला जाणता कारागीर आधी एक गोष्ट पाहतो. स्टिअरिंग पूर्ण वळवलं, मागे माणसं बसली आणि गाडी खड्ड्यात दबली, तर टायर मडगार्डला घासतो का? रिमचा ऑफसेट चुकला किंवा टायरचा एकूण व्यास वाढला, तर नवं चाक कुठंतरी लागणारच. या दोन जिल्ह्यांतला सर्वांत मोठा चाकबदल मात्र मोटारीचा नाही. तो ऊस वाहणाऱ्या बैलगाडीचा आहे, आणि त्या वेळी ही तपासणी झालीच नाही. लाकडी चाकाच्या जागी हवेचा टायर आला तेव्हा रस्त्यावरचं घर्षण कमी झालं. बैलाच्या खांद्यावरचं घासणं मात्र वाढत गेलं आणि त्याची दखल घ्यायला आपल्याला काही दशकं लागली.

जुनं चाक सुताराचं आणि लोहाराचं. तुंबा, आरे आणि त्यांवर लोखंडी धाव. धाव लालबुंद तापवून चाकावर चढवायची आणि वर पाणी ओतायचं, म्हणजे ती आवळून लाकडाला घट्ट धरते. आखाला वंगण घालत राहावं लागे. माणसाच्या छातीला येणारं हे चाक खड्डा आणि चाकोरी सहज ओलांडत असे, पण त्याची धाव नरम मातीत रुतायची आणि डांबरी रस्ता कापत जायची. पन्नास-साठच्या दशकांत सहकारी साखर कारखाने उभे राहिले: सांगलीत वसंतदादा पाटलांचा शेतकरी कारखाना, रेठरे बुद्रुकला कृष्णा, पुढे साखराळ्याला राजारामबापूंच्या नावाचा. रोजचा ऊस गाळपापर्यंत वेळेत पोचवायला ते चाक पुरेना, म्हणून हवेचा टायर आला. १९३६ साली हुगळीकाठी साहागंजला सुरू झालेल्या टायर कारखान्याचं नाव इथल्या गाडीलाच चिकटलं. तो कारखाना बंद पडला, तरी आपल्याकडे टायरची बैलगाडी अजून 'डनलॉप'च आहे.

टायर आणि बेअरिंगमुळे तेवढंच ओझं ओढायला बैलाला कमी जोर लागतो, हे खरंच आहे. पण वाचलेला जोर बैलाच्या वाट्याला आला नाही. ओझी ओढणाऱ्या जनावरांसाठीचे केंद्राचे १९६५ चे नियम पाहा. लहान बैलाच्या दोनचाकी गाडीला साधं चाक असेल तर कमाल ५०० किलो, हवेचे टायर असतील तर ७५०, बॉल बेअरिंग असेल तर १०००. चाक सुधारेल तसं ओझं वाढवायला कायद्यानेच मुभा दिली. वाहतुकीचा पैसा टनावर मिळतो, त्यामुळे ही मुभाही पुरली नाही आणि गाड्यांवर दोन-अडीच टनांचे ढीग चढू लागले. त्यातच टायरचं चाक बुटकं. आख खाली आला, बैलाचा खांदा होता तिथेच राहिला, म्हणून ओढ तिरपी झाली. पुढं झुकलेल्या मोळ्यांचा भार जुवावर येतो, चढाला मागचा भार जू वर उचलून गळ्याची जुपणी आवळतो. उतारावर तर टायरचा गुणच उलटतो. धाव रस्त्याला अडायची, टायर पळतो, आणि ब्रेक नसलेली सगळी गाडी बैलाने मानेवर तोलून धरायची. सुजलेले, सोललेले खांदे हंगामात कुठल्याही कारखान्याच्या गव्हाणीजवळ दिसतात.

यावर कुणी म्हणेल की ट्रॅक्टर आला, बैलगाडी आता उरली किती? ट्रॉल्या वाढल्या हे मान्य. पण ओल्या सरीत, अरुंद वाटेच्या लहान तुकड्यात बैलगाडीच शिरते. ऊसतोडीच्या टोळ्यांमध्ये 'टायर सेंटर' हा वेगळा प्रकार आजही आहे: गाडी कारखान्याची, बैल मजुराचे. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. ओझ्यावर मर्यादा घातली तर मजुराची कमाई कमी होईल. जत, माण किंवा बीडहून उचल घेऊन आलेल्या कुटुंबाला एक खेप कमी होणं परवडत नाही, आणि दोष त्या कुटुंबाचा नाहीच. पण बैल त्याचाच, बहुधा कर्जाचा. खांदा फाटून तो हंगामाच्या मध्यात बसला तर तोटा कारखान्याला होत नाही, मजुराला होतो. म्हणून मर्यादेची किंमत वाहतुकीच्या दरातून कारखान्याने उचलावी, मजुराच्या पोटातून ती काढू नये.

उत्तर अखेर याच ऊसपट्ट्यातून आलं. २०२२ साली साखराळ्याच्या राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या विद्यार्थ्यांनी 'सारथी' नावाचा आधार तयार केला. दोन बैलांच्या मधोमध जुवाखाली एक लहान फिरतं चाक, बैलांच्या उंचीप्रमाणे वरखाली करता येणारं. मानेवर येणारा भार ते जमिनीवर उतरवतं. दुरुस्ती साधी दिसते, पण हवेचे टायर आल्यापासूनच्या काळात गाडीकडे बैलाच्या बाजूने पाहणारी अशी दुरुस्ती विरळाच. तिच्या चित्रफिती देशभर फिरल्या, कौतुक झालं. नांगरटीच्या ढेकळांत आणि चिखलात ते लहान चाक अडेल, अशी शंका रास्त आहे. मात्र बैलाचा बराच वेळ शेताबाहेरच्या सडकेवर आणि कारखान्याच्या रांगेत उभं राहण्यात जातो, आणि तिथं त्याच्या मानेला टेकू मिळणं ही मोठीच गोष्ट आहे.

प्रत्येक गाडीचं वजन कारखान्याच्या काट्यावर दोनदा होतं, भरलेली येताना आणि रिकामी जाताना. म्हणजे कोणत्या गाडीवर किती ओझं होतं हे कारखान्याला रोज लेखी कळतं. टायर सेंटरची गाडीही त्याचीच असते. येत्या हंगामाचे करार करताना संचालकांनी टायरच्या जोडीबरोबर हे तिसरं चाक द्यावं, आणि काट्यावरच्या वजनाची मर्यादा त्याच करारात लिहावी.