गायनशाळेच्या इतिहासाची भिंत

विद्यापीठाच्या संगीत विभागात इतिहासाची भिंत उभारायची ठरली, की पहिली बैठक बहुधा एकाच प्रश्नावर अडते : सुरुवात कोणत्या वर्षापासून धरायची? हा वाद किती खरा आहे, ते बडोद्याच्या उदाहरणावरून कळते. महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले १९४९ साली. पण त्यातील संगीतशिक्षणाची परंपरा सयाजीराव गायकवाडांनी १८८६ मध्ये उस्ताद मौलाबक्ष यांच्या हाती सोपवलेल्या गायनशाळेपासून चालत आलेली आहे. विद्यापीठाचे वर्ष धरले तर आधीची ६३ वर्षे भिंतीवरून गळतात. त्यामुळे १८८६ पासून सुरुवात करावी आणि १९४९ हा वाटेतला एक टप्पा म्हणून दाखवावा, हेच बरे.

दुसरा प्रश्न आशयाचा. उस्ताद-पंडितांच्या तसबिरी मिळवणे सोपे असते, म्हणून अशा भिंती तसबिरींनीच भरून जातात. फेटा, पदके, मांडीवर तानपुरा; पण त्या संस्थेने नेमके काय केले, हे त्यातून समजत नाही. तालीम गुरूच्या समोर बसून वर्षानुवर्षे घ्यायची आणि चिजा जपून ठेवायच्या, अशा काळात मौलाबक्ष यांनी स्वरलिपीच्या आधारे वर्गात गाणे शिकवायचे ठरवले. बडोद्याच्या भिंतीचा मुख्य भाग म्हणूनच त्यांच्या स्वरलिपीच्या एका मोठ्या केलेल्या पानाला द्यायला हवा. शेजारी तीच चीज भातखंडे पद्धतीने लिहून दाखवता येईल : कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकाचा बिंदू स्वराच्या खाली, तार सप्तकाचा वर. दोन पाने जवळजवळ असली की संगीत न शिकलेल्या माणसालाही लेखनातला फरक दिसतो. हा शेजार ओढूनताणून आणलेला नाही, कारण विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने भरलेली पहिली अखिल भारतीय संगीत परिषद १९१६ मध्ये बडोद्यातच झाली.

बाकीच्या कथेलाही जागा लागतेच. मौलाबक्ष यांचे नातू इनायत खाँ १९१० मध्ये परदेशी गेले आणि त्यांनी पाश्चात्त्य देशांत सूफी विचार रुजवला. दरबारगायक फैयाझ खाँ यांचे निधन १९५० मध्ये बडोद्यातच झाले. १८८० मध्ये सयाजीरावांचा विवाह तंजावरच्या मोहिते घराण्यातील लक्ष्मीबाईंशी झाला आणि तिकडचे नृत्यही बडोद्याला आले. मात्र साथीदार, वाद्ये दुरुस्त करणारे कारागीर, शिकायला येणाऱ्या मुली यांचे फोटो शोधावेच लागतात. ते आपणहून हाती येत नाहीत. समूहछायाचित्रात एखाद्याची ओळख पटली नसेल, तर तसे स्पष्ट लिहावे. अंदाजाने टाकलेले नाव पुढे खरे मानले जाते.

मजकूर थोडका हवा. एका फलकावर साठ-सत्तर शब्द पुष्कळ झाले, कारण जिन्याजवळ उभे राहून कोणी निबंध वाचत नाही. फलकाचा मध्य जमिनीपासून सुमारे दीड मीटरवर असावा. मूळ कागद भिंतीवर लावू नयेत, त्यांच्या प्रती लावाव्यात. जुन्या कागदावर उजेड पन्नास लक्सच्या पुढे जाऊ देत नाहीत आणि कॉरिडॉरमध्ये एवढ्या मंद उजेडात मजकूर वाचता येत नाही. भिंतीला पावसाळ्यात ओल येत असेल तर फलकामागे दोन-तीन सेंटिमीटरची फट ठेवावी. काच आणि अ‍ॅक्रिलिकचे मोठे तुकडे टाळावेत. त्यांच्यावर दिव्याची चमक येते, शिवाय कडक पृष्ठभाग आवाज परतवतो आणि शेजारच्या वर्गातला रियाज कॉरिडॉरभर घुमतो. फलक ढिला राहिला तर तबल्याच्या घुमाऱ्याबरोबर खडखडतो. स्क्रूखाली रबराची चकती घातली की भागते.

ध्वनी ठेवायचा तर तोही आवरून. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांची असते, आणि तेवढा वेळ उभे राहून ऐकणारे थोडेच. स्पीकरऐवजी भिंतीला अडकवलेला इअरफोन आणि त्यावर मिनिटाभराचा तुकडा पुरतो. पूर्ण तबकडी क्यूआर कोडवर ठेवता येते, पण हक्कांची परवानगी आधी घ्यावी.

शेवटचे दोन-तीन फलक कोरे सोडावेत आणि प्रत्येक फलक सुटा बसवावा. जन्मसाल चुकले किंवा नव्याने फोटो सापडला, तर तेवढाच भाग बदलता येतो. सगळ्या मजकुराची आणि फोटोंची एक प्रत विभागाच्या कार्यालयात ठेवली, म्हणजे छपाईवाला बदलला तरी अडत नाही.