घोडे किती, ओढ किती?

मी कविता लिहितो, पण माझे बालपण गेले ते ग्रीस आणि डिझेलच्या वासात. अब्बा ट्रॅक्टरचे मिस्त्री होते. भोकरदन रस्त्याला पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचे गॅरेज होते. शाळा सुटली की मी तिथेच. कवितेतल्या मात्रा मोजण्याआधी मला इंजिनाचे सिलिंडर मोजता येऊ लागले, तेही नुसत्या आवाजावरून. लांबून ठोके एकेक करून सुटे ऐकू आले की समजावे, आयशर आला. सलग घुमणारा आवाज आला की मॅसी किंवा महिंद्रा.

तेव्हा, म्हणजे १९८० च्या दशकात, पारावर एक वाद कायम रंगायचा : कोणाचा ट्रॅक्टर जास्त ताकदीचा? कोणी म्हणे फोर्ड, कोणी म्हणे मॅसी. वाद वाढला की सगळे अब्बांकडे येत. अब्बा हात पुसत म्हणत, ‘घोडे मत गिन, चाक देख.’ लोक हसत आणि निघून जात. या वाक्यात सगळे यंत्रशास्त्र आहे, हे कळायला मला फार वर्षे लागली. शिवाय त्याची किंमतही मोजावी लागली. ती कशी, ते पुढे सांगतो.

आधी हे ‘घोडे’ म्हणजे काय ते पाहू. वाफेच्या इंजिनाचे बळ गिऱ्हाइकाला समजावे म्हणून जेम्स वॅटने त्याची तुलना घोड्याशी केली. आपल्या मेट्रिक हिशेबात ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर उचलले की एक अश्वशक्ती होते. दिवसभर राबणारी चांगली बैलजोडी साधारण एवढेच काम देते. म्हणजे अश्वशक्तीत दोन गोष्टी आल्या : ओढ आणि वेग. वेग कमी केला की तेवढ्याच शक्तीत ओढ वाढते. म्हणून तर नांगरटीला आपण खालचा गिअर टाकतो.

आता त्या काळचे ट्रॅक्टर शेजारी शेजारी उभे करू. भारतात बनलेला पहिला ट्रॅक्टर आयशरचा, १९५९ साली फरीदाबादला तयार झालेला. मराठवाड्याने पाहिलेला आयशर २५ अश्वशक्तीच्या आसपासचा. एकच मोठा सिलिंडर, हवेवर थंड होणारा. त्यामुळे रेडिएटर नाही, पाण्याची कटकट नाही. एचएमटीने पिंजोरच्या कारखान्यात १९७१ पासून चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरच्या सहकार्याने २५११ हे मॉडेल काढले. तोही पंचविशीतलाच, पण दोन सिलिंडरचा. १९७४ मध्ये पंजाब ट्रॅक्टर्सचा स्वराज ७२४ आला. त्याचा आराखडा दुर्गापूरच्या सरकारी संशोधन संस्थेत देशी अभियंत्यांनी केलेला. त्यांच्या वरच्या पायरीवर महिंद्राचा बी-२७५ आणि मद्रासच्या टॅफेचा मॅसी फर्ग्युसन १०३५. दोघेही ३५ च्या आसपास. पण पहिल्याला सिलिंडर चार, दुसऱ्याला तीन. सगळ्यांच्या वर फोर्ड ३६००, पंचेचाळिशीच्या पुढचा.

सरळ हिशेबाने फोर्ड पहिला आणि आयशर शेवटचा. पण शेत असा सरळ हिशेब मानत नाही. इंजिनात तयार झालेली शक्ती गिअरमधून, मागच्या चाकांतून मातीत उतरते आणि मग नांगराला मिळते. वाटेत प्रत्येक ठिकाणी गळती. मऊ रानात इंजिनाच्या शक्तीपैकी निम्म्याच्या आसपास नांगरापर्यंत पोचली तरी पुष्कळ.

एक हिशेब करून पाहा. बारा-बारा इंची दोन फाळांचा नांगर आठ इंच खोल चालवला, तर मातीचा साठ सेंटिमीटर रुंद आणि वीस सेंटिमीटर खोल पट्टा कापला जातो. म्हणजे १२०० चौरस सेंटिमीटर. आपल्या भारी काळ्या जमिनीचा विरोध दर चौरस सेंटिमीटरला पाऊण किलो धरला, तर ओढ लागते ९०० किलो. ताशी चार किलोमीटर वेगाने ही ओढ द्यायची तर नांगरापाशी तेरा अश्वशक्ती हवी, म्हणजे इंजिन सव्वीसच्या आसपास. पंचविशीचा ट्रॅक्टर इथे काठावर पास होतो, पस्तिशीचा आरामात.

पण दुसरी परीक्षा राहिलीच, ती पकडीची. वापशावरच्या रानात ट्रॅक्टर आपल्या वजनाच्या साधारण निम्मी ओढ देऊ शकतो. ९०० किलो ओढायचे तर वजन अठराशे किलोच्या घरात हवे. दीड टनाचा ट्रॅक्टर, मग इंजिन कितीही जोरकस असो, चाक जागेवर फिरवत राहणार. आयशरची इज्जत होती ती इथे. अंगाने भारदस्त, इंजिन कमी फेऱ्यांत चालणारे, जड फ्लायव्हीलमुळे ढेकूळ आडवे आले तरी न दचकणारे.

असाच एक मॅसीवाला शेतकरी अब्बांकडे तक्रार घेऊन आला : इंजिन बसले, ताकद राहिली नाही. अब्बांनी इंजिनाला हातही लावला नाही. खडू घेतला आणि थेट त्याच्या शेतात गेले. मागच्या टायरवर खूण केली, नांगर वर उचलून चाकाच्या दहा फेऱ्यांत ट्रॅक्टर किती जातो ते मोजले : सव्वाशे फूट. मग नांगर घालून पुन्हा दहा फेऱ्या : चौऱ्याण्णव फूट. जवळजवळ चौथाई धाव चाकाने जागेवरच घासून टाकली होती. डिझेल जळत होते, टायर झिजत होते आणि नाव खराब होत होते इंजिनाचे.

अब्बांनी मागच्या टायरांत पाणी भरायला लावले. हायड्रॉलिकचा एक दांडा तो गडी कधी वापरतच नव्हता, तो वापरायला शिकवले. हॅरी फर्ग्युसनची मोठी करामत हीच. नांगराला ओढ जास्त बसली की हायड्रॉलिक त्याला किंचित उचलून धरते आणि तो भार मागच्या चाकांवर येतो. हलक्या ट्रॅक्टरला कामापुरते वजन उसने मिळते. पुन्हा मोजले तेव्हा एकशे दहा फूट भरले. दहा-पंधरा टक्के घसर चालते. त्याच्या वर गेली की समजावे, पैसे मातीत चालले.

असे मोजमाप करणाऱ्या संस्थाही आहेत. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात विल्मॉट क्रोझियर नावाचा शेतकरी ट्रॅक्टर घेऊन फसला. तो पुढे आमदार झाला आणि १९१९ मध्ये त्याने कायदाच करून घेतला : तपासणीशिवाय ट्रॅक्टर विकायचा नाही. आपल्याकडे मध्य प्रदेशात नर्मदेकाठी बुदनी येथे १९५५ पासून केंद्र सरकारची संस्था आहे. तिच्या अहवालात इंजिनाची शक्ती वेगळी, पीटीओची वेगळी आणि ओढीची वेगळी दिलेली असते. घसर किती, डिझेल किती, तेही असते.

आता माझी गोष्ट. २०११ मध्ये माझ्या थोरल्या भावाने नवा ट्रॅक्टर घ्यायचे ठरवले. अब्बा तेव्हा हयात नव्हते. माहितीपत्रक इंग्रजीत होते. घरात बी.ए. झालेला मी एकटा, म्हणून वाचायला मी बसलो. ‘पन्नास एचपी’ हा आकडा मीच मोठ्याने वाचला आणि म्हणालो, ‘भाई, हाच घे.’ जमीन अकरा एकर. नांगरटीला एकरी दोन तास धरा, पेरणी-मोगडणी धरा. घरचे काम वर्षाला शंभर तासही भरेना. बाकी सगळी भिस्त भाड्याच्या कामावर. पुढच्याच वर्षी, २०१२ ला, पाऊस गेला. आमच्या जिल्ह्यात मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. तिथे नांगरट कोण करून घेणार? हप्ते थकले. २०१३ च्या उन्हाळ्यात वित्त कंपनीची माणसे येऊन ट्रॅक्टर घेऊन गेली. उरलेले कर्ज फेडायला तीन एकर विकावे लागले. भाई मला कधी काही बोलला नाही. आकडा मी वाचला होता, चाक मात्र पाहिले नव्हते.

आज भाई आठ एकर करतो, जुन्या स्वराज ७२४ वर. खोल नांगरट दोन-तीन वर्षांतून एकदा, तीही भाड्याने मोठा ट्रॅक्टर लावून. बाकी वखरणी, पेरणी, वाहतूक पंचविशीत भागते.

मोठा ट्रॅक्टर वाईट, असे मी म्हणत नाही. रान मोठे असेल, वर्षभर भाड्याचे काम हमखास असेल, तर जरूर घ्यावा. पण आधी चार गोष्टी विचाराव्यात. माझे वर्षाचे तास किती? माझ्या मातीला ओढ किती लागते? वजन किती आणि ते मागच्या चाकांवर किती? तासाला डिझेल किती? अश्वशक्ती त्यानंतर. गावात अजूनही लोक माझ्याकडे माहितीपत्रके वाचायला आणतात. त्यांतला सगळ्यात मोठा आकडा मी आता सगळ्यात शेवटी वाचतो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)