ॲसिडिटीच्या नावावर गेलेली दहा वर्षं

गेल्या महिन्यात आमच्या लोकलच्या डब्यातला एक मुलगा गेला. वय चौतीस. बदलापूरला चढायचा, चौथ्या सीटवर जागा मिळाली तरी खूश असायचा. रात्री छातीत जळजळ झाली म्हणून सोडा पिऊन झोपला, तो उठलाच नाही. स्मशानात जो तो म्हणत होता, ‘एवढा धडधाकट पोरगा, अचानक कसं काय?’ हे ‘अचानक’ मी या अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात दहा-बारा वर्षं ऐकतोय. आता ते ऐकवत नाही.

आमच्या लहानपणी हार्ट अटॅक म्हणजे पेन्शनीतल्या माणसाचा आजार. अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरीत, विमको कारखान्यात कामाला असलेले शेजारी सायकलने जायचे आणि दिवेलागणीला घरी असायचे. 2004 च्या मार्चमध्ये ‘अशी ही बनवाबनवी’तला सिद्धार्थ रे चाळिसाव्या वर्षी झटक्याने गेला, तेव्हा आम्ही हळहळलो आणि विसरलो. 2007 साली नागपूरच्या डॉ. प्रशांत जोशी आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की दक्षिण आशियात पहिला झटका सरासरी 53 व्या वर्षी येतो. इतर देशांत हेच वय जवळपास 59 आहे. चाळिशीपर्यंतच झटका येणारे आपल्याकडे 8.9 टक्के, इतरत्र 4.4. कारणंही इतर देशांसारखीच निघाली: तंबाखू, रक्तदाब, साखर, चरबी, पोटाचा घेर, ताण. हे सगळं छापून आलं होतं. आम्ही मात्र तेव्हा परवडणारं घर शोधत होतो.

2010 ते 2020 ही दहा वर्षं माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत. 2011 च्या जनगणनेत बदलापूर पावणेदोन लाखांचं झालं होतं, आणि पुढेही टॉवर उठतच राहिले. बिल्डरांच्या जाहिरातीत डोंगर होते, धबधबे होते, बारवीचं पाणी होतं. मुंबई 68 किलोमीटरवर आहे, हे त्यात नव्हतं. पहाटे पाचला उठायचं, रात्री दहाला जेवायचं, साडेअकराला झोपायचं. उल्हासनगरच्या कॅम्पांत दुकानाच्या गल्ल्यावर बसलेल्या माणसाची तऱ्हा वेगळी नव्हती. दिवसभर बैठक, चहावर चहा आणि मध्यरात्री जेवण. 2012 मध्ये राज्यात गुटखाबंदी झाली, तरी डब्यात तळहातावर तंबाखू मळली जातच होती. ती मागण्यासाठी पुढे झालेल्या हातांत माझाही हात असायचा.

2016 च्या पावसाळ्यात आमच्या गटातला एक जण विठ्ठलवाडीच्या पुढे गप्प झाला. वय अडतीस. डावी मूठ छातीवर दाबून बसला होता. कपाळावर घाम असा, की रुमाल पिळला तर पाणी निघावं. म्हणाला, जबडा दुखतोय. अंबरनाथला उतरवून जवळच्या एका दवाखान्यात नेलं. ‘या वयात कसला अटॅक, ॲसिडिटी असेल,’ म्हणून गोळी मिळाली. ईसीजी काढला नाही. मीही मान डोलावली आणि त्याला रिक्षात बसवून दिलं. दोन तासांनी घरच्यांनी कल्याणच्या दिशेने गाडी काढली. वाहतुकीत अडकलेल्या त्या गाडीतच तो गेला. त्या डॉक्टरांना मी माफ केलेलं नाही, आणि माझ्या डोलावलेल्या मानेलाही नाही.

नंतर समजून घेतलं ते असं. रक्तवाहिनीतला चरबीचा थर फाटतो, त्यावर गुठळी बसते आणि पुढचा स्नायू मरायला लागतो. वर्षानुवर्षं हळूहळू वाहिनी अरुंद झालेल्या म्हाताऱ्या हृदयात काही वेळा पर्यायी वाटा तयार झालेल्या असतात. तरुण हृदयाला तेवढी सवड मिळालेली नसते. म्हणून दहा मिनिटांत ईसीजी हवा, आणि मग गुठळी विरघळवणारं इंजेक्शन किंवा अँजिओप्लास्टी. 108 ची रुग्णवाहिका 2014 पासून राज्यात आहे. त्या दिवशी तो नंबर आमच्यापैकी एकालाही सुचला नाही.

2021 मध्ये अभिनेता सिद्धार्थ शुक्ला चाळिसाव्या वर्षी गेला आणि मोबाइलवर कोविडच्या लशीला शिव्या सुरू झाल्या. 2023 मध्ये आयसीएमआरने 18 ते 45 वयोगटातल्या अचानक मृत्यूंचा अभ्यास मांडला. लशीमुळे धोका वाढलेला दिसला नाही. वाढलेला दिसला तो कोविडमध्ये रुग्णालयात दाखल झालेल्यांत, घरात असा मृत्यू घडलेल्यांत, आणि आदल्या दोन दिवसांत अतिमद्यपान किंवा अतिश्रम केलेल्यांत. लशीवर खापर फोडलं की आपली तंबाखू सोडावी लागत नाही आणि नगरपालिकेला जाबही विचारावा लागत नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अभिनेता श्रेयस तळपदेला सत्तेचाळिसाव्या वर्षी झटका आला. अंधेरीत वेळेत अँजिओप्लास्टी झाली, तो वाचला. अडतिसाव्या वर्षी गेलेल्या माझ्या मित्राला अंबरनाथला तीच वेळ मिळाली नाही. जगणं-मरणं स्टेशनवरून ठरावं, हे मला मान्य नाही.

अंबरनाथला 2024 मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. तिथे रात्री अडीचलाही झटक्याच्या रुग्णाची अँजिओप्लास्टी झाली पाहिजे, आणि ही मागणी अंबरनाथ, बदलापूर आणि उल्हासनगर या तिन्ही शहरांच्या प्रत्येक उमेदवारापुढे आपण ठेवली पाहिजे. तोवर एवढं करा. तिशी ओलांडली असेल तर या महिन्यात रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्या. छातीत दुखून घाम फुटला, दुखणं हातात किंवा जबड्यात उतरलं, तर सोडा मागू नका. 108 लावा आणि ईसीजी काढल्याशिवाय घरी परतू नका.