तारांचा ताळमेळ

विमानाची प्रतिकृती चिकटवून झाली, रंगवून झाली आणि तारा लावताना बिघडली, असा अनुभव या छंदात नवागतांच्या वाट्याला हमखास येतो. एकावर एक पंख असलेले विमान हाती घेतले, की बहुतेक जण येथेच हात टेकतात. वास्तविक या तारा म्हणजे शोभेचे जाळे नव्हे. प्रत्येक तारेला नेमून दिलेले काम असते आणि ते उमजले, की निम्मी भीती ओसरते.

आरंभीच्या काळात लाकडी सांगाड्यावर कापड ताणून पंख बनवीत. इतका हलका पंख एकट्याने भार सोसू शकत नसे. ऑक्टेव्ह शनूट हे मूळचे रेल्वे व पूल बांधणारे अभियंते. पुलाच्या सांगाड्याची युक्ती त्यांनी १८९६ च्या ग्लायडरमध्ये योजली: दोन पंख, मध्ये उभे दांडे आणि त्यांना बांधणाऱ्या तिरप्या तारा. १९०३ मध्ये राइट बंधूंचे विमान उडाले, तेही याच रचनेवर.

उड्डाणात हवा पंखांना वर उचलते. तेव्हा धडाच्या तळापासून वरच्या पंखाकडे जाणाऱ्या तारा ताण घेतात. जमिनीवर पंख स्वतःच्या वजनाने झुकू पाहतात. तेव्हा वरून खालच्या पंखाकडे उतरणाऱ्या तारा त्यांना तोलतात. जमा आणि नावे यांप्रमाणे दोन्ही बाजू जुळल्या, तरच पंख सरळ राहतो.

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश तुकड्यांत तारा व सांगाडा सांभाळणारा 'रिगर' हा स्वतंत्र कारागीर असे. त्याची हयगय वैमानिकाच्या जिवावर बेतू शकत असे. कोलकात्याचा इंद्रलाल रॉय तारांनी बांधलेले असेच एस.ई.५ए विमान चालवी. जुलै १९१८ मध्ये दोन आठवड्यांच्या आत १० हवाई विजय मिळवून २२ जुलै रोजी, अवघ्या १९ व्या वर्षी, तो धारातीर्थी पडला.

प्रतिकृतीत पहिला प्रश्न जाडीचा. खरी तार ६ मिलिमीटरची धरली, तर १:७२ प्रमाणात ती ०.०८ मिलिमीटर, म्हणजे केसाएवढी होते. त्यासाठी बारीक नायलॉनचा धागा किंवा लवचीक धागा वापरतात. संचाच्या चौकटीचे उरलेले प्लास्टिक मेणबत्तीच्या आचेवर मऊ करून ओढले, तरी सुरेख तंतू निघतो. तो लावल्यावर सैल वाटला, तर जळती अगरबत्ती स्पर्श न करता जवळून फिरवावी. उबेने तो ताठ होतो.

भोके पंख जोडण्याआधीच पाडावीत. रंगकाम आणि चिन्हे आधी उरकावीत. तारा आतून बाहेर, एकदा डावीकडे व एकदा उजवीकडे, अशा क्रमाने लावाव्यात. नायलॉन एकाच बाजूने ओढला, तर पंखच वाकतो. येथे लवचीक धागा नवशिक्याला सांभाळून घेतो.

पहिला प्रयत्न फोकर डी.७ वर करावा. या जर्मन विमानाच्या पंखांमध्ये ताणाच्या तारा नव्हत्याच. चाकांच्या दांड्यांमधील फुलीसारख्या थोड्या तारांवर हात बसतो. मग एस.ई.५ए घ्यावे. शेवटची तार लागल्यावर विमान डोळ्यांच्या पातळीवर धरून समोरून पाहावे. दोन्ही बाजूंचे पंख सारखे दिसले, म्हणजे हिशेब जुळला.