पुनर्मुद्रांकित नाण्यांचे छायाचित्रण : प्रकाशदिशेचे महत्त्व

प्रस्तावना :
नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये क्षत्रप नहपानाच्या १३ हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा निधी सापडला. त्यांपैकी दोन तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णी या सातवाहन राजाने आपली चिन्हे ठोकून घेतली होती. नहपानाचा मुखवटा व लेख आणि त्यांवर उमटलेले चैत्य व उज्जैन चिन्ह, असे दोन थर या नाण्यांवर आढळतात. सत्तांतराचा हा पुरावा अत्यल्प उठावात सामावलेला आहे. छायाचित्रात तो उठाव हरवल्यास खालचा थर वाचणे अशक्य होते. या दृष्टीने अशा नाण्यांच्या छायाचित्रणातील प्रकाशयोजनेचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

प्रकाशाची दिशा :
कॅमेऱ्याच्या फ्लॅशचा प्रकाश समोरून पडतो; त्यामुळे सावल्या नाहीशा होऊन नाणे सपाट भासते. दिवा बाजूस ठेवून पृष्ठाशी सुमारे २० ते ३० अंशांचा कोन साधल्यास झिजलेली अक्षरेही उठून दिसतात. दिवा चौकटीच्या वरच्या बाजूस असावा. प्रकाश वरून येतो, असे दृष्टी गृहीत धरते. खालून प्रकाश दिल्यास उठाव खोलगट भासण्याची शक्यता असते.

तथापि एक दिशा पुरेशी नाही. प्रकाशाला समांतर असलेल्या रेषांची सावली जवळजवळ पडत नाही, म्हणून त्या लुप्त होतात. यास्तव नाणे व कॅमेरा न हलवता, दिवा वरच्या डाव्या कोपऱ्याकडून वरच्या उजव्या कोपऱ्याकडे नेऊन किमान दोन छायाचित्रे घ्यावीत.

मांडणी :
नाणे पार्श्वभूमीपासून काही सेंटिमीटर उंचीवर काचेवर ठेवावे. त्यामुळे त्याची सावली कडेला चिकटत नाही. कॅमेरा स्टँडवर बसवावा. नाण्याच्या जागी आरसा ठेवल्यावर भिंगाचे प्रतिबिंब चौकटीच्या मध्यभागी दिसल्यास कॅमेरा लंबरूप आहे असे समजावे. चांदीची चकाकी दिव्यापुढील ट्रेसिंग पेपरने सौम्य होते. विरुद्ध बाजूच्या पांढऱ्या पुठ्ठ्याने गडद सावल्या उजळतात. मात्र तो फार जवळ आणल्यास उठावच पुसट होतो. मोजपट्टी नाण्याच्या पृष्ठाच्या पातळीत असावी, अन्यथा मापात फरक पडतो. चित्र स्पष्ट यावे म्हणून नाणे घासून चकचकीत करणे सर्वथा वर्ज्य होय.

निष्कर्ष :
प्रकाशाची दिशा बदलताच वाचता येणारी अक्षरे बदलतात. म्हणून वजन व व्यास यांच्याप्रमाणेच प्रत्येक छायाचित्राखाली प्रकाशदिशेचीही नोंद असणे आवश्यक ठरते. अशी नोंद असल्यासच एका अभ्यासकाचे वाचन दुसऱ्यास पडताळून पाहता येईल.