पायाच्या अंगठ्याचा ठसा

बँकेत असताना एका आजारी खातेदाराच्या घरी ठसा घ्यायला गेलो होतो. गृहस्थांचे दोन्ही हात निकामी झालेले. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा ठसाही चालतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. सुनेने सासऱ्यांचे पाऊल धरले, ठसा उमटल्यावर खोबरेल तेलाने शाई पुसली आणि विचारले, "साक्षीदार म्हणून मी सही करू का?"

"नाही वहिनी, त्रयस्थच लागतात," मी म्हणालो. नियम तसा होता. सासऱ्यांसाठी तिने शाळेतली नोकरी सोडली होती. त्यांना पेन्शन होते. तिला पुढे काय, हे विचारायला आमच्या फॉर्मात रकाना नव्हता.

सरकारी धोरणातही तो नाही. १९९९ मध्ये ज्येष्ठांसाठी राष्ट्रीय धोरण आले. २००७ च्या कायद्याने मुलांकडून निर्वाहखर्च मागता येतो. कमाल मर्यादा महिना दहा हजार. २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या सर्वांना 'आयुष्मान भारत'मध्ये कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांचे संरक्षण मिळाले. चांगलेच झाले. पण ते कार्ड रुग्णालयाच्या खाटेपाशी चालते, आणि घरी आल्यावर पंधरा दिवसांच्या औषधपाण्यापर्यंत. नंतरची वर्षे घरच्यांची. दर दोन तासांनी कूस बदलणे, भरवणे, रात्री उठणे. चोवीस तासांची बाई ठेवायची तर भल्याभल्यांचे पेन्शन पुरत नाही.

जर्मनीने १९९५ मध्ये शुश्रूषेचा स्वतंत्र विमा आणला. तिथे ठरावीक तास घरी सेवा करणाऱ्या नातेवाइकाचा निवृत्तिवेतनाचा हप्ता विमा भरतो. जपानने २००० मध्ये चाळिशीपासून वर्गणी घ्यायला सुरुवात केली. मात्र घरच्यांना रोख रक्कम न देता सेवा दिली. पैसे दिले की सुनेलाच जुंपतील, असे तिथल्या महिला संघटनांचे म्हणणे होते. (आपल्या सुनांना हे वेगळे समजावून सांगायला नको.)

आपल्याकडे बहुतेकांना पगारपत्रकच नाही. वर्गणी कापणार कशातून? म्हणून सुरुवात करांच्या पैशातून करावी लागेल. तालुक्याच्या ठिकाणी चार खाटा, जिथे रुग्णाला पंधरा दिवस ठेवून घरच्या बाईला माहेरी जाता येईल. प्रशिक्षित मदतनीस आठवड्यातून दोनदा घरी. पण माझ्या हाती पहिला रुपया आला, तर तो मी त्या बाईच्या पेन्शनखात्यात भरीन. आज तीही साठीला आली असेल.