इकोच्या अहवालातील पस्तीस टक्के

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस एक तरुण दवाखान्यात एकटाच आत आला. वडिलांना त्याने बाहेर रिक्षातच बसवून ठेवले होते. माझ्यापुढे फाईल ठेवत तो दबक्या आवाजात म्हणाला, "डॉक्टर, बाबांसमोर काही बोलू नका. त्यांचं हृदय फक्त पस्तीस टक्के चालतंय. पासष्ट टक्के संपलं."

वडील एसटीतून निवृत्त झालेले चालक. पंधरा दिवसांपूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला, अँजिओप्लास्टी झालेली. घरी आल्यावर सर्वांनी मिळून त्यांना खाटेवर निजवले होते. उठणे बंद, जिना बंद, शौचालयापर्यंत चालणेही बंद. सून घास भरवत होती. पंधरा दिवसांत पायांतली शक्ती गेली, बद्धकोष्ठ झाला, आणि गृहस्थांच्या मनाने घेतले की आपला प्रवास आता डेपोपर्यंतच उरला आहे. कोणी काही सांगत नव्हते, म्हणून त्यांना सगळे कळले होते.

हा सारा अनर्थ टूडी इकोच्या अहवालातल्या एका आकड्याने केला होता. त्या आकड्याचे नाव इजेक्शन फ्रॅक्शन, बोलीभाषेत 'ईएफ'. आपल्याला टक्के म्हटले की परीक्षेची गुणपत्रिका आठवते. शंभरपैकी पस्तीस म्हणजे काठावर पास. पण हृदयाच्या परीक्षेत शंभर गुण कोणालाच मिळत नाहीत. हृदयाचा डावा खालचा कप्पा, म्हणजे डावी जवनिका, प्रसरण पावते तेव्हा तिच्यात साधारण १२० मिलिलीटर रक्त मावते. आकुंचनात त्यातले ७० मिलिलीटरच्या आसपास बाहेर फेकले जाते, उरलेले आतच राहते. ७० भागिले १२० म्हणजे सुमारे ५८ टक्के. निरोगी तरुणाचे ईएफ हेच, ५५ ते ७० यांच्या दरम्यान. म्हणून पस्तीसची तुलना शंभराशी न करता साठाशी करावी. ४० किंवा त्याखाली असेल तर आम्ही ते कमी मानतो, ४१ ते ४९ किंचित कमी, आणि ५० च्या पुढे राखलेले.

आणखी एक गंमत आहे. दुबळे झालेले हृदय हळूहळू मोठे होते. जवनिकेत २०० मिलिलीटर रक्त मावू लागले, तर त्याचे ३५ टक्के म्हणजेही ७० मिलिलीटरच होतात. शरीराला मिळणारे रक्त तेवढेच! म्हणूनच ३५ चे ईएफ असलेली काही माणसे बाजारातून भाजी घेऊन येतात. याची किंमत हृदय मोजत असते. ताणलेली भिंत अधिक ताणली जाते, तिच्यावरचा भार वाढतो, आणि उपचार न मिळाल्यास ती थकते. आजार गंभीर आहे, यात शंका नाही. पण 'पासष्ट टक्के संपलं' हा त्याचा अर्थ नव्हे.

ही तपासणी साधी आहे. १९५३ साली स्वीडनमधील लुंड येथे हृदयतज्ज्ञ इंगे एडलर आणि भौतिकशास्त्रज्ञ हेलमुथ हर्ट्झ यांनी माल्मो शहराच्या जहाजबांधणी कारखान्यातून एक यंत्र उसने आणले. धातूतले दोष शोधण्यासाठी तेथे ते वापरले जाई. त्याच ध्वनिलहरींनी त्यांनी जिवंत हृदयाची हालचाल टिपली. आजही तत्त्व तेच आहे. क्ष-किरण नाहीत, सुई नाही, उपाशी राहण्याची गरज नाही. रुग्णाला डाव्या कुशीवर निजवतात, कारण त्यामुळे हृदय छातीच्या भिंतीजवळ येते आणि मधले फुप्फुस बाजूला सरते. हवेतून या लहरी नीट जात नाहीत. जुना दमा किंवा वर्षानुवर्षांचे धूम्रपान असेल तर चित्र धूसर दिसते, ते याच कारणाने. वयस्कर स्त्रियांना संकोच वाटतो. पुढून उघडणारा पोशाख घालावा आणि सोबत स्त्री परिचारिका हवी असे निःसंकोच सांगावे.

चित्र धूसर असले की मापही ढोबळ होते. एकाच रुग्णाचे ईएफ दोन तज्ज्ञांनी मोजले तर पाचेक टक्क्यांचा फरक सहज पडतो. ३५ चे ३८ झाले म्हणून पेढे वाटू नयेत, आणि ४० चे ३७ झाले म्हणून रडू नये. शक्यतो त्याच केंद्रात तपासणी करावी, जुना अहवाल सोबत न्यावा.

आता माझी एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एक बाहत्तर वर्षांच्या आजी दम लागतो म्हणून आल्या. रक्तदाब जुना, मधुमेहही. इकोत ईएफ ६० टक्के. मी तो आकडा पाहिला आणि "हृदय उत्तम आहे, वजन कमी करा," असे सांगून मोकळा झालो. तीन आठवड्यांनी त्यांचा मुलगा पहाटे दारात उभा. आजी रात्रभर उशांना टेकून बसून होत्या, आडवे होताच जीव गुदमरत होता. रुग्णालयात पाणी काढणारी इंजेक्शने मिळाल्यावर त्या सावरल्या. मी घरी येऊन तो अहवाल पुन्हा वाचला. डावा वरचा कप्पा मोठा झाल्याचे, आतला दाब वाढल्याचे त्यात स्पष्ट लिहिले होते. मी शेवटच्या ओळीवरचा आकडा तेवढा वाचला होता. त्यांचे हृदय जोराने आकुंचन पावत होते, परंतु ताठ झाल्यामुळे सैल पडून भरत नव्हते. उतारवयात, विशेषतः रक्तदाब असलेल्या स्त्रियांत, असे हृदय-अपयश पुष्कळ आढळते. दम लागत असेल, पाय सुजत असतील, तर चांगल्या ईएफवर समाधान मानू नये. उलट 'ग्रेड वन डायस्टोलिक डिसफंक्शन' ही ओळ साठीनंतरच्या अनेक अहवालांत असते. लक्षणे नसतील, तर तेवढ्या एका ओळीने झोप घालवू नये.

रक्तवाहिन्यांतले अडथळे या तपासणीत दिसत नाहीत. विश्रांतीच्या वेळी काढलेला इको पूर्णतः नॉर्मल असूनही एखादी धमनी बरीच अरुंद असू शकते. चालताना छातीत दाब येत असेल आणि घरचे म्हणत असतील, "मागच्याच महिन्यात इको चांगला आला होता," तर तो अहवाल कपाटात ठेवून ताबडतोब रुग्णालय गाठावे.

एसटीच्या काकांकडे वळतो. त्यांना रिक्षातून आत बोलावले आणि सारे त्यांच्यासमोरच सांगितले. झटक्यानंतर स्नायूचा काही भाग मरतो, काही नुसता बधिर होतो, आणि बधिर भाग काही आठवड्यांत जागा होऊ शकतो. म्हणून आठ दिवसांनी पुन्हा इको काढण्यात अर्थ नसतो. औषधे नीट सुरू ठेवून साधारण तीन महिन्यांनी काढलेला इको मोलाचा. तेव्हाही ईएफ ३५ किंवा त्याखालीच राहिले, तर घातक अनियमित ठोके थांबवणारे यंत्र छातीत बसवायचे का, याचा विचार हृदयतज्ज्ञ करतात.

खाटेवरून त्यांना उतरवले. आधी अंगणात पाच मिनिटे, मग दहा. रोज सकाळी शौचानंतर, चहापूर्वी, त्याच काट्यावर वजन. तीन दिवसांत दोन किलो वाढले तर फोन करायचा, कारण ती चरबी नसते, साठलेले पाणी असते. पापड, लोणचे बंद. आणि गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्या बंद. यावर काकू चपापल्या. त्यांच्या पिशवीत तशा गोळ्यांची अख्खी पट्टी होती. या गोळ्या शरीरात मीठ-पाणी अडवतात, मूत्रपिंडावर ताण आणतात, आणि दुबळ्या हृदयाचा रुग्ण त्यामुळे पुन्हा रुग्णालयात पोहोचतो. माझ्या पाहण्यात हे फार वेळा आले आहे.

तीन महिन्यांनी ईएफ ४४ आले. काकांनी पहिला प्रश्न विचारला, "आता गोळ्या बंद करू ना?" हृदयाच्या स्नायूच्या एका वेगळ्या आजारातून सुधारलेल्या रुग्णांवर लंडनमध्ये एक छोटा अभ्यास झाला होता. औषधे थांबवलेल्यांपैकी ४४ टक्के रुग्णांचा आजार सहा महिन्यांत उलटला. योगायोगाने आकडा तोच होता, म्हणून काकांच्या तो लक्षात राहिला.

हल्ली ते स्वतः चालत येतात आणि वजनाची नोंद दाखवण्यासाठी दिनदर्शिकेचे पान सोबत आणतात. मागच्या खेपेस एका तारखेचा रकाना रिकामा होता. विचारले तर म्हणाले, "पुतणीचं लग्न होतं. पंगतीत पापड दोनदा घेतला. दुसऱ्या दिवशी काट्यावर उभं राहायचं धाडस झालं नाही." त्यापुढच्या दिवशीची नोंद मात्र होती, सव्वा किलो जास्तीची. खाली काकूंच्या अक्षरात लिहिले होते, 'पाय पाहिले, सूज नाही.'